पहिलीचा वर्ग कोणाला द्यायचा?

12 मे 1875. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावचा बाजार. त्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर हल्ला केला. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या आणखी गावांत पसरलं. इतिहासाच्या पुस्तकात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. जमावाला मुख्यतः कागद हवे होते. कर्जरोखे, गहाणखतं, हिशेबाच्या वह्या काढून त्यांची होळी करायची, एवढाच बहुतेक ठिकाणचा कार्यक्रम होता. कागद मुकाट्याने हाती आले तिथे सावकाराच्या जिवाला सहसा धक्का लागला नाही.

कर्जाची कारणं मोठी होती. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला, त्यातच सरकारने शेतसाऱ्याची फेरआकारणी केली. पण राग निघाला तो कागदावर. कागदावर काय लिहिलंय हे ज्याच्या नावाने तो लिहिला त्यालाच वाचता येत नव्हतं. सहीच्या जागी नांगराची निशाणी काढायची, लिहिणारा सांगेल ती रक्कम खरी मानायची. व्याज मुद्दलात कधी मिळालं, फेडीची नोंद झाली की नाही, हे तपासायला त्याच्या हातात काहीच नव्हतं. 1879 साली सरकारने शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्त गावपातळीवरच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर लिहिला जावा, अशी तजवीज त्यात करावी लागली. म्हणजे वाचून दाखवायला सरकारने एक तिसरा माणूस नेमला.

शिक्षण कशासाठी, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा नोकरी, संस्कार, व्यक्तिमत्त्व अशा शब्दांपासून सुरू होते. मला ती सुप्याच्या त्या कागदांपासून सुरू करावीशी वाटते. आपल्या नावाने लिहिलेलं आपल्याला वाचता यावं आणि त्यातला हिशेब आपल्याला पडताळता यावा, ही समाजातल्या शिक्षणाची पहिली गरज आहे. बाकीचं सगळं तिच्यावर उभं राहतं.

सुप्यानंतर सात वर्षांनी, ऑक्टोबर 1882 मध्ये, जोतीराव फुल्यांनी सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यांचा मुद्दा जमाखर्चाचा होता. सरकारी तिजोरीतला मोठा वाटा रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो. वरचे लोक शिकले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे सरकारचं गृहीतक त्यांनी साफ नाकारलं. ते तक्रारीवर थांबले नाहीत, मागण्या अगदी नेमक्या मांडल्या. निदान 12 वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून घ्या आणि प्रशिक्षित शिक्षकाला महिना 12 रुपयांपेक्षा कमी पगार देऊ नका. अभ्यासक्रमात मोडी आणि बालबोध (म्हणजे देवनागरी) वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची प्राथमिक माहिती, नीती आणि आरोग्याचे काही धडे असू द्या. मोडी त्या यादीत का आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. सावकाराची वही आणि कुलकर्ण्याचं दप्तर मोडीत असे. पोथी बालबोधीत, व्यवहार मोडीत. फुल्यांना मुलाच्या हाती दोन्ही लिप्या द्यायच्या होत्या.

पुढचा रस्ता लांबचा निघाला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी आधी अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, ते पुढच्या वर्षी फेटाळलं गेलं. 1917 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचं शिक्षण आणलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. राज्यघटनेने 14 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दहा वर्षांची मुदत घातली. प्रत्यक्षात मूलभूत हक्क झाला 2002 च्या दुरुस्तीने, आणि शिक्षण हक्क कायदा अमलात आला 1 एप्रिल 2010 रोजी. फुल्यांच्या निवेदनापासून मोजलं तर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला.

आज महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक वाडीवस्तीवरच्या मुलाचं नाव कुठल्या ना कुठल्या हजेरीपटावर असतं. ही लहान गोष्ट नाही. पण पटावर नाव असणं आणि वाचता येणं यांत फार मोठं अंतर आहे. ‘प्रथम’ या संस्थेची ‘असर’ ही पाहणी 2005 पासून ते अंतर घरोघरी जाऊन मोजते. मुलासमोर एक कागद धरायचा. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. मूल जिथपर्यंत पोचेल ती त्याची पातळी. ग्रामीण भारतात तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणाऱ्यांचं प्रमाण 2018 मध्ये 27.3 टक्के होतं, करोनानंतर 2022 मध्ये ते 20.5 टक्क्यांवर घसरलं आणि 2024 मध्ये 27.1 वर आलं. म्हणजे तिसरीतल्या चार मुलांपैकी जेमतेम एकाला मागच्या वर्षीचं पुस्तक वाचता येतं. उरलेली तिघं चौथी, पाचवी, सहावीत जात राहतात. परिसर अभ्यास, विज्ञान, इतिहास ही सगळी पुस्तकं त्यांच्यासमोर उघडली जातात आणि तशीच मिटतात.

हे कुठे बिघडतं, ते पहिलीच्या वर्गात अगदी जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मराठीत 34 व्यंजनं धरली आणि प्रत्येकाची बारा रूपांची बाराखडी, तर 408 आकार होतात. क्ष, ज्ञ आणि जोडाक्षरं वेगळीच. पारंपरिक पद्धत अशी, की आधी अ ते अः, मग क ते ज्ञ, मग पूर्ण बाराखडी आणि सगळ्यात शेवटी शब्द. या क्रमात मुलाला अर्थ असलेलं पहिलं वाक्य वाचायला कित्येक महिने थांबावं लागतं. तोपर्यंत शाळा म्हणजे आकार गिरवायची जागा, अशी त्याची समजूत पक्की होते. याउलट म, क, ल, न ही चारच अक्षरं आणि काना एवढं दिलं, की मका, काम, नाक, कान, लाल, माल, मामा, काका, नाना, कमल हे शब्द दोन आठवड्यांत वाचता येतात. ‘मामाला मका’ असं मुलाने स्वतः वाचलं, की अक्षरांच्या मागे कोणीतरी बोलतंय हे त्याला उमगतं. मग पुढचा चार-पाच अक्षरांचा गट आणि त्यासोबत एखादं नवं स्वरचिन्ह. प्रत्येक गटाला नवे शब्द, प्रत्येक आठवड्याला नवी वाक्यं. अनुभवी शिक्षिका त्याच्याही आधी दोन-तीन आठवडे नुसते आवाजांचे खेळ घेतात. तुझ्या नावाचा पहिला आवाज कोणता? ‘म’ने सुरू होणाऱ्या वस्तू वर्गात किती? ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं? शब्द आवाजांत तोडता येतो हे कानाला कळलं नाही, तर डोळ्याला अक्षर दाखवून फार काही होत नाही.

चुका ठरलेल्या असतात, आणि म्हणूनच त्या पकडता येतात. पहिली म्हणजे बाराखडीचं गाणं. क का कि की मूल सुरात म्हणतं, पालक खूश होतात. पण ‘कु’वर बोट ठेवून विचारलं की ते मनात ‘क’पासून पायऱ्या चढत येतं आणि मग उत्तर देतं. कधी त्याही चढता येत नाहीत. हे वाचन नाही, पाठांतर आहे. उपाय सोपा आहे: बाराखडी आडवीतिडवी विचारायची, कार्डं पिसून समोर टाकायची.

दुसरी चूक अक्षर सुटं वाचण्याची. मूल ‘घर’ हा शब्द ‘घ’, ‘र’ असा वाचतं आणि दोन्ही अक्षरांतला ‘अ’ पूर्ण उच्चारतं. मग ‘घअ रअ’ म्हणजे काय, हे त्याला कळत नाही, कारण असा शब्द त्याने कधी ऐकलेलाच नसतो. शेवटचा ‘अ’ बोलताना गळतो, हे मराठी बोलणाऱ्याला इतकं अंगवळणी पडलेलं असतं की शिकवताना सांगायचं राहून जातं. अशा वेळी शिक्षिकेने बोट न उचलता सरकवत ‘घऽर’ असं म्हणून दाखवायचं आणि मुलाकडून तसंच करून घ्यायचं. तिसरी चूक दिसायला सारख्या अक्षरांची: घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष. ही जोडीने एकाच आठवड्यात शिकवली की गोंधळ आयुष्यभर टिकतो. एक पक्कं होऊ द्यायचं, मग बऱ्याच दिवसांनी दुसरं. चौथी ऱ्हस्व वेलांटीची. ‘कि’मधली वेलांटी लिहिताना आधी येते आणि बोलताना नंतर. डावीकडून वाचत येणाऱ्या मुलाला ती आधीच्या अक्षराला चिकटलेली वाटते.

आणि मग ‘र’. एकाच आवाजाची किती रूपं! ‘चक्र’मध्ये पायाशी तिरकी रेघ, ‘ट्रक’मध्ये खाली वेगळाच आकार, ‘सूर्य’मध्ये रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, ‘दुसऱ्या’मध्ये पुन्हा निराळं चिन्ह. दुसरीतली पुष्कळ मुलं इथे अडखळतात आणि हा शब्द सोडून पुढे जायला शिकतात. शब्द सोडायची ही सवय फार घातक आहे. चारही रूपं एकाच तासाला फळ्यावर लिहून नियम सांगितला तर तो कोणालाच लागत नाही. एक रूप घ्यावं, मुलांच्या तोंडातले आठ-दहा शब्द त्याच्याभोवती जमवावेत, आठवडाभर तेच वाचावेत. हे असं केलं तर जोडाक्षरांना दुसरीचा जवळपास एक सत्रभर वेळ लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

सगळ्यात फसवी चूक मात्र पुस्तक पाठ असण्याची. मूल चित्र पाहतं, पहिला शब्द ओळखतं आणि अख्खा धडा घडाघडा म्हणतं. तपासायला आलेले साहेब समाधानाने शेरा मारून जातात. म्हणून वाचन तपासायचं असेल तर न पाहिलेला मजकूर द्यावा. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ मोहिमेत तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचता यावेत, असं लक्ष्य ठेवलंय. आकड्याची काहींना भीती वाटते, पण त्यामागचं कारण खरं आहे. अक्षर अक्षर जुळवत जाणारं मूल वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. अर्थ धरून ठेवायला थोडा वेग लागतोच. वेगाच्या जोडीला दोन प्रश्न विचारावेत. ‘आई आजारी होती. रमा लवकर उठली. तिने भाकरी केली.’ भाकरी कोणी केली, हा सोपा प्रश्न. रमाने का केली, हा खरा. दुसऱ्याचं उत्तर छापलेलं नाही, ते वाचणाऱ्याला जोडून काढावं लागतं. इथे मूल गप्प झालं, तर त्याचं वाचन अजून डोळ्यांपुरतंच आहे.

हिशेबाचीही अशीच गत. 52 मधून 17 वजा करायला सांगितले की कितीतरी मुलं 45 लिहितात. दोनमधून सात जात नाहीत, म्हणून ती सातातून दोन काढतात. चूक वजाबाकीची वाटते, खरी ती दशकाची आहे. 52 म्हणजे पाच दशक दोन सुटे, आणि एक दशक मोडून दहा सुटे करता येतात, हे काड्यांच्या जुड्या प्रत्यक्ष सोडून केलेलं नसेल तर ‘हातचा’ हा नुसता मंत्र राहतो. मराठी संख्यानामं आणखी भर घालतात. ‘त्रेसष्ट’मध्ये तीन आधी ऐकू येतात आणि मूल 36 लिहितं. ‘एकोणतीस’ ऐकून 39 किंवा 31 लिहिलेलं कोणत्याही दुसरीच्या वहीत सापडेल. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘साठ तीन’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. त्यात भाषेच्या अभिमानाविषयी पुष्कळ बोललं गेलं आणि दुसरीच्या मुलाच्या अडचणीविषयी फारच थोडं. दोन्ही नावं शेजारी ठेवून शिकवता येतात, आणि तशी शिकवावीत, असं मला वाटतं.

आता वेळेचा हिशेब मांडू. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन. म्हणजे रोज चार तास. पट 60 पर्यंत असेल तर शिक्षक दोन. वाडीवरच्या शाळेत पट वीसचा असला तरी वर्ग चार असतातच. दोन शिक्षकांत चार वर्ग वाटले, की प्रत्येक मुलाच्या वाट्याला शिक्षकाचे थेट दोन तास येतात, तेही सगळे विषय मिळून. उरलेले दोन तास मूल काय करतं, यावर त्याचं वाचन ठरतं. बहुतेक ठिकाणी ते फळ्यावरचं उतरवतं. उतरवणं म्हणजे हाताला काम, डोक्याला सुट्टी. वर्ग शांत राहतो एवढाच त्याचा उपयोग. त्याऐवजी जोडीवाचन ठेवलं, तिसरीतल्या मुलीने पहिलीतल्याला गोष्ट वाचून दाखवली, शब्दकार्डांतून वाक्य बनवायचं काम दिलं, तर तेच दोन तास कामी येतात. इयत्ता बाजूला ठेवून रोज दीड तास पातळीप्रमाणे गट करणं हाही कसाला उतरलेला उपाय आहे. चौथीतलं शब्दांवर अडकलेलं मूल दुसरीतल्या तशाच मुलासोबत बसतं. त्याचा पाणउतारा होऊ नये म्हणून गटाला प्राण्याफुलांची नावं द्यावीत, ‘कच्चा गट’ कधीही म्हणू नये. आणि दर महिन्याला गट बदलला पाहिजे. नाही बदलला तर ती नवीच उतरंड तयार होते.

हे सगळं जमायला पहिलीला फार कुशल माणूस हवा. जूनमध्ये शाळा उघडताना वर्गवाटप होतं, आणि तिथे नेमकं उलटं घडतं. शाळेतल्या सगळ्यात अनुभवी शिक्षकाला वरचा वर्ग मिळतो, कारण शिष्यवृत्ती आणि नवोदयचे निकाल गावात फलकावर लागतात. पहिलीचा निकाल कुठेच लागत नाही. मग ती नव्या शिक्षकाकडे जाते, किंवा ज्याच्याकडे कार्यालयीन कामं जास्त आहेत त्याच्याकडे. वर्षाच्या मध्ये बदली झाली तर पहिलीच आधी पोरकी होते. जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला इतर कामांना जुंपू नये असं कायदा सांगतो. तरी माहिती भरायची, फोटो पाठवायचे, अहवाल द्यायचे, यांत सकाळचा तास जातो. सकाळचा तास हाच वाचनाचा असतो. समाज शिक्षणाला किती मोल देतो, हे मला दहावीच्या निकालापेक्षा या वर्गवाटपात जास्त स्पष्ट दिसतं.

अर्थात सगळं शिक्षकावर ढकलणं अन्याय होईल. मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं, गडचिरोलीतलं गोंडी, नंदुरबारमधलं भिलोरी किंवा पावरी. त्याच्यासाठी ‘मका’ वाचणं आणि ‘मका’ या शब्दाचा अर्थ शिकणं अशा दोन वेगळ्या पायऱ्या असतात, आणि आपण त्या एक धरून चालतो. पहिले काही महिने घरच्या भाषेतून बोलू देणारा शिक्षक अशा वर्गात दुप्पट काम करून जातो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि होळी-पाडव्याच्या आसपास परततात. ‘म क ल न’ झाल्यावर निघालेलं मूल परत येतं तेव्हा वर्ग जोडाक्षरांत असतो. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह असतं, आजीजवळ राहून त्यांना जेवण आणि शाळा मिळावी म्हणून. बाहेरगावी गेलंच तर तिथे प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी पत्रक असतं. वसतिगृह दिवाळीनंतर आठ दिवसांत सुरू झालं तर मूल थांबतं. मंजुरी डिसेंबरमध्ये आली, तर ते केव्हाच फडावर पोचलेलं असतं. सगळा खेळ तारखेचा आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं, ते याच जागेवर बोट ठेवून. आदिवासी पाड्यावरचं मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची. त्यातून अंगणवाडीची कल्पना आकाराला आली. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. धाकटं भावंड सांभाळावं लागतं म्हणून मुलगी शाळेत येत नाही, हे दिसल्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. मुलगी भावाला कडेवर घेऊन आली तरी चालेल, अशी ती सोय होती. अडचण कुठे आहे ते आधी नीट पाहायचं आणि नेमकी तीच दूर करायची, ही रीत मला आजच्या कितीतरी मोठ्या योजनांपेक्षा जास्त शास्त्रीय वाटते.

सातबाऱ्यावर आपलं नाव बरोबर लागलं का, फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीची मुदत किती, रेशनच्या पावतीवर किती किलो लिहिलेत आणि पिशवीत किती आले, बचत गटाच्या कर्जावर व्याज मुद्दलावर लागतंय की शिल्लक रकमेवर, औषधाच्या पाकिटावर कधीची तारीख आहे: हे स्वतः पाहता येणाऱ्या माणसाला लुबाडणं अवघड जातं. मोबाईल आला म्हणून हे संपलं असं नाही. कर्ज देणाऱ्या ॲपवर ‘मान्य’चं बटण दाबणं ही आजची नांगराची निशाणी आहे.

म्हणून पालकांना एक गोष्ट करता येण्यासारखी आहे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने 75 टक्के सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. सभेत बांधकाम, रंगरंगोटी आणि पोषण आहार यांवर बोलणं होतं, ते हवंच. त्यासोबत दर सत्राला एकदा, तिसरीतल्या प्रत्येक मुलाने न पाहिलेला आठ-दहा ओळींचा उतारा मोठ्याने वाचायचा, असा विषय घ्यायला लावावा. मुलाला एकेकटं, शांत जागी बसवावं, चारचौघांत परीक्षा करू नये. कोण अक्षरावर आहे, कोण शब्दावर, कोण वाक्यावर, एवढंच नोंदवायचं. नावं फलकावर लावायची नाहीत. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात, वीस मुलांची शाळा असेल तर तिसरीची चार-पाच मुलं अर्ध्या तासात होतात. आणि जूनच्या सभेत, वर्गवाटप कागदावर येण्याआधी, मुख्याध्यापकांना विचारावं: सर, यंदा पहिली कोणाकडे देताय, आणि त्यांना ती दुसरीपर्यंत पुढे नेऊ द्याल का?